एक खोली किरायाने देणे आहे

खापरखेडा हे वीज केंद्राभोवती वाढलेले गाव. २१० मेगावॉटचे चार संच आणि २०११ साली आलेला ५०० मेगावॉटचा पाचवा. कायम नोकरीतल्या माणसाला वसाहतीतल्या क्वार्टरची आशा तरी असते. कंत्राटदाराकडच्या फिटरने, वेल्डरने, शिकाऊ पोराने मात्र गावातच पथारी टाकायची. मग कुणी पुढची खोली मोकळी करते, कुणी गच्चीवर टिना टाकून आडोसा करते, आणि महिन्याकाठी घरात चार पैसे येऊ लागतात. आमच्या विदर्भात त्याला भाडे कमी आणि किराया जास्त म्हणतात.

या किरायाला एक भीती चिकटलेली आहे. बँकेत असताना मी ती कितीदा तरी ऐकली. ‘खात्यात नका टाकू साहेब, नगदीच बरी, इन्कमटॅक्सवाले मागे लागतील.’ सांगणारी बहुधा घरातली कर्ती बाई असे, आणि ती ज्या कराला घाबरत होती तो तिला पुष्कळदा लागूच नसे.

हिशेब करून पाहू. खोलीचे महिना ४,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४८,०००. त्या खोलीच्या वाट्याची घरपट्टी, समजा, ८०० रुपये त्याच वर्षात भरली. उरले ४७,२००. यातून कायदा सरळ ३० टक्के, म्हणजे १४,१६० रुपये, देखभालीपोटी वजा करू देतो. उत्पन्नात धरायचे ते फक्त ३३,०४०. या ३० टक्क्यांसाठी ना चुन्याचे बिल लागते ना गवंड्याची पावती. भिंतीला हात लावला नाही तरी वजावट मिळते. मात्र छपरावर साठ हजार घातले तरी एक पैसाही जास्त मिळत नाही. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा घेतो, त्यातही ही ३० टक्क्यांची सोय तशीच ठेवली आहे.

आता कर. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर, शेअर किंवा जमीन विकल्याचा नफा वगैरे सोडून, कर शून्य होतो. निवृत्तिवेतन आणि एका खोलीचा किराया यांवर चालणारे घर त्या रेषेच्या कितीतरी अलीकडे असते. पण एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले, तर कर शून्य असूनही विवरणपत्र भरावे लागते. लोक नेमके इथे चुकतात.

दुसरी गफलत जेवणाची. पोरगा राहतो आणि जेवतोही, दोन्हींचे मिळून सात हजार देतो. हे सगळे सात हजार घरभाडे नव्हे. डब्याचे पैसे हे वेगळे उत्पन्न. त्यातून किराणा, गॅस, भाजी असा खरा खर्च वजा होतो, ३० टक्क्यांची सोय त्याला नाही. पावती देतानाच खोलीचे इतके, जेवणाचे इतके असे दोन आकडे लिहावेत. साधी वही पुरते.

आणि घर कुणाच्या नावावर आहे? पैसे घेते बायको, घर नवऱ्याच्या नावे, तर ते उत्पन्न नवऱ्याचे. नवरा गेल्यावर तर वारसांची नावे चढवायचे वर्षानुवर्षे राहून जाते, आणि किराया कुणाचा यावरून भावाभावांत जे होते ते मी इथे लिहीत नाही.

पावती मागणाऱ्या किरायादाराकडे संशयाने पाहण्याचेही कारण नाही. घरभाडे भत्त्यावर सूट घेण्यासाठी त्याला ती हवी असते. मालकाचा पॅन क्रमांक त्याला द्यावा लागतो तो वर्षाचा किराया एक लाखाच्या वर गेला तर. चार हजारांच्या खोलीचा आकडा तिथवर पोचतच नाही.

उलट नगदीचा तोटा पुढे कळतो. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा वरचा मजला बांधायला कर्ज मागायला बाई बँकेत येते. पाच वर्षे बिनचूक किराया येतो आहे, पण पासबुकात त्याची एक ओळ नाही, विवरणपत्र नाही. समोरचा अधिकारी कितीही भला असला तरी त्याने तो किराया धरायचा कशाच्या आधारावर?

खापरखेड्यात आणखी एक गोष्ट घडते. दुरुस्तीचे काम संपते, कंत्राटदाराची माणसे एका रात्रीत निघून जातात आणि खोली तीन महिने रिकामी पडते. किरायाने दिलेली खोली मध्ये अशी रिकामी राहिली, तर त्या तीन महिन्यांचा किराया उत्पन्नात धरावा लागत नाही. म्हणून वहीत किरायादार कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेला गेला, तेही लिहून ठेवावे.