गिऱ्हाइकाची अडचण आणि दुकानदाराचें दार

हा विषय घरांतील लहानथोर सारींजणें वाचतात अशा मासिकांत मांडावा कीं नाहीं, याचा मीं पुष्कळ दिवस विचार केला. ज्याचा पंक्तींत उच्चार करूं नये असें आपण लहानपणापासून शिकलों, त्याविषयीं चारचौघांत लिहावयाचें म्हणजे लेखणी अडखळतेच. परंतु गेल्या वैशाखांत आमच्या घरीं जें घडलें, त्यानंतर गप्प बसणें मला जमेना.

पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधावयास सासूबाई, मोठ्या जाऊबाई व मी अशा तिघीजणी बोईसरहून पालघरला गेलों होतों. सासूबाईंना पंचाहत्तरावें वर्ष लागलेलें. मधुमेहाचा विकार दहाबारा वर्षांचा. निघण्यापूर्वी त्यांनीं चहा अर्धाच घेतला, आणि पाण्याचा तर घोटहि नाहीं. "बाहेर जायचं असलं कीं मी पाणी घेत नाहीं," हें वाक्य त्यांच्या तोंडून मीं शेकडों वेळां ऐकलें होतें. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशीं कळला.

कापडाच्या एका मोठ्या दुकानांत आम्हीं दोन तास साड्या पाहिल्या. गादीवर ढीग पडला, सरबताचे पेले आले, आग्रह झाला. दुकानाच्या मागल्या अंगाला, कोठीशेजारीं, संडास आहे हें उघड दिसत होतें. कारण एक नोकर तिकडून हात पुशीत आला. जाऊबाईंनीं गल्ल्यावरच्या गृहस्थांना हळूच विचारलें. ते ओशाळले, पण म्हणाले, "ताई, तें नोकरमाणसांसाठीं आहे. गिऱ्हाइकांना आम्ही देत नाहीं. स्टेशनवर सोय आहे ना!" स्टेशन म्हणजे भर उन्हांत दहा मिनिटांची वाट, तीहि तरुण पायांना. "असूं दे गं, मला कांहीं एवढी घाई नाहीं," सासूबाई म्हणाल्या.

घाई होती. रिक्षांत चढतांना त्यांचें लुगडें भिजलें. घरीं पोहोंचेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहींत, आणि लग्नाच्या कोणत्याहि खरेदीला त्यानंतर बाहेर पडल्या नाहींत.

रागाच्या भरांत हें सारें मीं आमच्या ओळखीच्या, बोईसरच्याच एका दुकानदारांना ऐकविलें. आमच्या घरीं त्यांचें वाणसामान येतें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग स्वतःची बाजू सांगितली. उन्हाळ्यांत ते पाण्याचा टँकर विकत घेतात. मैल्याची टाकी उपसावयास गाडी बोलवावी लागते, तिचें भाडें निराळें. संडासाची वाट कोठारांतून जाते. एकदां एका अनोळखी माणसाला जाऊं दिलें, तर तेलाचे दोन डबे गेले. शिवाय कोणी घाण करून गेला कीं ती काढावयाची कोणी? नोकर म्हणतात, आमचें तें काम नव्हे. एवढें सांगून ते म्हणाले, "वहिनी, रागावूं नका. आमचा पोऱ्या दर महिन्याला तुमच्याकडे सामान घेऊन येतो. त्यानं कधीं विचारलं, तर तुम्ही आंत घ्याल?"

मला उत्तर सुचलें नाहीं. आमच्या घरांत तीन शौचकूप आहेत. भांडीं घासणाऱ्या बाई सोळा वर्षें येत आहेत. त्यांतील एकाहि दाराशीं त्या गेल्याचें मला आठवत नाहीं. त्यांना मनाई कोणी केली नव्हती. परवानगीहि कोणी दिली नव्हती. दुकानदारानें निदान तोंडानें 'नाहीं' म्हटलें. आमच्या घरीं तें म्हणण्याचीहि कधीं गरज पडली नाहीं.

खर्च, पाणी व चोरी या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांच्या तळाशीं जुना विटाळ आहे, असें मला वाटतें. परक्यानें वापरलेली जागा नको, आणि ती साफ करणें तर त्याहून नको. कोंकणांतील आप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैला साफ करण्याचें काम मागून घेतलें. सवर्ण म्हणून तें नाकारतांच त्यांनीं उपोषण आरंभिलें, व येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनींहि त्यांच्यासाठीं अन्न वर्ज्य केलें. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत त्यांनीं संडासाच्या रचनेचे प्रयोग केले. आपल्याच समाजांतील एक विद्वान् गृहस्थ हें करून गेले, आणि आपण अजून 'साफ कोण करणार?' याच प्रश्नापाशीं अडून बसलों आहोंत.

कोणी म्हणतात, कायदा आपल्या बाजूचा आहे. १८६७ च्या सराईंच्या कायद्याप्रमाणें कोणत्याहि हॉटेलांत जाऊन पाणी पिण्याचा व शौचकूप वापरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, अशी वार्ता हातोहात फिरत असते. त्या कायद्यांत सराई स्वच्छ राखावी, भिंती-दरवाजे नीट ठेवावे, पहारेकरी नेमावा, दराचें पत्रक लावावें, अशीं कलमें आहेत. वाटेनें जाणाऱ्यास शौचकूप फुकट द्यावा असें त्यांत कोठेंहि नाहीं. कापडाच्या दुकानाला तर तो मुळींच लागू नाहीं. तेव्हां त्या आधारावर कोणी दुकानदाराशीं भांडूं नये.

खरें कर्तव्य आहे तें नगराच्या कारभाऱ्यांचें. मुंबईंत २०११ पासून स्त्रियांनीं 'राइट टु पी' या नांवानें चळवळ उभारली; नांव ऐकून आमचे भावोजी दचकले, पण मागणी साधी होती. पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि स्त्रियांकडून पैसे, हा भेद कशासाठीं? पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१५ मध्यें राज्यांतील महानगरपालिकांना रस्त्यावरच्या स्त्रियांसाठीं शौचालयांची योजना करण्याचा आदेश दिला. महानगरपालिकांना! पालघरला नगरपरिषद, आणि कारखान्यांमुळें एवढें फुगलेलें बोईसर तर वर्षानुवर्षें ग्रामपंचायतीच्या हातांत वाढलें.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्ह्याचें ठाणें झालें. तेव्हांपासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतल्या बायका दाखल्यासाठीं, दवाखान्यासाठीं, कचेरीच्या कामासाठीं पहाटे निघून येथें येतात व दिवसभर बाजारांत वावरतात. २०१३ पासून चर्चगेटच्या लोकल गाड्या डहाणूपर्यंत येऊं लागल्या. सोय मोठी झाली, पण लोकलच्या डब्यांत शौचकूप नसतो, आणि येथून मुंबईपर्यंत दोन-दोन तासांचा प्रवास. अशा बाईनें पाणीच न पिणें हा उपाय काढला, तर नवल काय? मूत्रमार्गाचे विकार त्यांतूनच बळावतात, हें कोणीहि वैद्य सांगेल.

दुकानदारावर सक्ती करावी काय? दक्षिण दिल्लीच्या तत्कालीन महानगरपालिकेनें एप्रिल २०१७ पासून उपाहारगृहांचे शौचकूप सर्वांना खुले केले, व पांच रुपयांपर्यंत आकार घेण्याची मुभा दिली. उलट केरळांत पेट्रोल पंपांचे मालक, 'आमचे शौचकूप सार्वजनिक नव्हेत,' म्हणून उच्च न्यायालयांत गेले. अमेरिकेच्या इलिनॉय संस्थानांत आंतड्याच्या विकारानें पीडित अशा चौदा वर्षांच्या मुलीला एका दुकानांत नकार मिळाला; तिच्या खटपटीनें २००५ सालीं असा कायदा झाला कीं, अशा रुग्णाला दुकानानें नोकरांचा शौचकूप वापरूं द्यावा; मात्र त्या वेळीं दुकानांत तीन तरी नोकर हजर असावेत. एकटा दुकानदार गल्ला सोडून कोठें जाणार, याचाहि त्यांत विचार आहे. मला सर्वांत पटते ती जर्मनींतील आलेन नगराची तऱ्हा. जो दुकानदार वा खाणावळवाला आपलें दार उघडें ठेवील, त्याला नगर दरमहा कांहीं रक्कम देतें, व त्याच्या दारावर तशी खूण चिकटवितें. नवीं शौचालयें बांधून तीं ओस पडूं देण्यापेक्षां हें स्वस्त पडतें.

पालघरच्या हुतात्मा चौकापासून स्टेशनपर्यंतच्या दहापंधरा मोठ्या दुकानांशीं नगरपरिषदेनें असा करार करावा. टाकी उपसण्याचा खर्च तिनें उचलावा, पाणीपट्टींत सूट द्यावी. लहान टपरीवाल्याला यांत ओढूं नये. परंतु ज्याच्याकडे सोय आहे, त्यानें म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला, लहान मुलाला करार होण्यापूर्वींहि नाहीं म्हणूं नये. दोन तास गादीवर बसवून घेतलेल्या गिऱ्हाइकाला तर नाहींच नाहीं.

हें लिहून झाल्यावर मी पुन्हां बोईसरच्या बाजारांत गेलें. एका अरुंद गाळ्यांत बांगड्या विकणाऱ्या मुलीला सहज विचारलें, तुझी सोय काय? त्या गाळ्याला नळहि नाहीं. सकाळीं दहाला येते, रात्रीं नऊला जाते. दुपारीं एकदां पलीकडच्या चाळींत ओळखीच्या मावशींकडे जाऊन येते. मावशी गांवीं गेल्या असल्या कीं, "मग काय, पाणी प्यायचं नाहीं," असें म्हणून ती माझ्या हातावर बांगड्यांचें माप बघूं लागली.