डिकी ओवेन : वेल्सचा चिमुकला सूत्रधार

उंची जेमतेम पाच फूट चार इंच, काम पोलाद कारखान्यातलं. तरीही स्वान्झीचा हा रग्बीपटू, स्क्रम-हाफ म्हणून 1901 ते 1912 या काळात वेल्सकडून 35 आंतरराष्ट्रीय सामने खेळला. हा वेल्श विक्रम चाळीसहून अधिक वर्षं टिकला!

त्याच्या डोक्याची खरी कसोटी लागली 16 डिसेंबर 1905 रोजी, कार्डिफ आर्म्स पार्कवर. समोर न्यूझीलंडचा ‘ऑल ब्लॅक्स’ संघ. त्या दौऱ्यात ब्रिटनमध्ये तोवर अजिंक्य. पहिल्या सत्रात स्क्रममधून चेंडू हाती येताच ओवेन उजवीकडे निघाल्यासारखा झेपावला. तिथे त्याचा सहकारी पर्सी बुश होता, त्यामुळे बचावफळीही तिकडेच धावली. ओवेनने मात्र चेंडू उलट्या दिशेने दुसऱ्या सहकाऱ्याकडे, क्लिफ प्रिचर्डकडे फेकला. प्रिचर्डकडून तो ऱ्हिस गेबकडे, गेबकडून टेडी मॉर्गनकडे गेला आणि मॉर्गनने डाव्या कोपऱ्यात ट्राय नोंदवला.

वेल्स 3, न्यूझीलंड 0. त्या दौऱ्यात न्यूझीलंड हरलं ते एवढ्या एकाच सामन्यात.

नाव मॉर्गनचं गाजलं, पण ट्रायचं मोठं श्रेय ओवेनच्या हुलकावणीलाच द्यायला हवं. 1902, 1905, 1908, 1909 आणि 1911 या वर्षांत वेल्सने इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही हरवून ‘ट्रिपल क्राउन’ जिंकला, तेव्हाही तो संघात होता.