उजेडाचा जमाखर्च

स्नेहसंमेलनात एकांकिका रंगात आलेली असते आणि प्रेक्षकांतून फ्लॅशचा लखलखाट होतो. नटाचे डोळे दिपतात, प्रकाशयोजना करणाऱ्याची मेहनत वाया जाते आणि छायाचित्रात पांढरेफटक चेहरे नि मागे काळोख उरतो. फ्लॅशशिवाय, कॅमेरा हातात धरून तो प्रसंग टिपता येईल का? येईल. त्यासाठी ‘वेगवान’ लेन्स हवी.

लेन्स काही धावत नाही. वेग वाढतो तो शटरचा. लेन्सचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास, म्हणजे एफ-आकडा. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र एफ/५.६ ला सुमारे ९ मिलिमीटर, तर एफ/१.८ ला सुमारे २८ मिलिमीटर. उजेड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो, म्हणून फरक जवळजवळ दहापट! जिथे १/६ सेकंद लागत होता, तिथे १/६० पुरतो. ५० मिलिमीटरची लेन्स हातात धरून १/५० पेक्षा संथ शटर ठेवू नये, असा ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा आहे. हल्लीच्या कॅमेऱ्यांतील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते. पण ‘श्रीकृष्ण पारिजात’मधला नाचणारा कलावंत थोडाच थांबणार? तेथे शटरच वेगवान हवे.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे की, जमा आली की नावेही आलेच. छिद्र मोठे केले की स्पष्टतेची खोली घटते. दोन मीटरवरच्या माणसाचे चित्र एफ/१.८ ला घेतले, तर ती जेमतेम वीतभर भरते. दोन नट मागे-पुढे उभे असतील तर एकच स्पष्ट येईल; कोणता, हे आपण आधी ठरवावे आणि त्याच्या डोळ्यांवर नेम धरावा. स्टॅन्ली क्युब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातील मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग नासासाठी घडवलेल्या त्साइसच्या ५० मिलिमीटर एफ/०.७ लेन्सने टिपले; तेव्हा नटांना फारसे हलता येत नव्हते, ते याच कारणाने.

मग किती खर्च करावा? एफ/१.८ वरून एफ/१.४ वर गेल्यास उजेड दीडपटीहून थोडा अधिक मिळतो, किंमत मात्र सहसा कितीतरी पटींनी वाढते. उलट, ५० मिलिमीटर एफ/१.८ ही बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सांपैकी एक असते. आपल्या मराठी आणि कन्नड नाट्यमंडळांनी मिळून अशी एक लेन्स घ्यावी आणि संमेलनात फ्लॅश बंद ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. खर्च एकदाच होईल. रंगमंचावरचा खरा उजेड मात्र दरवर्षी आपल्या अंकात जमा होत राहील.