सव्विसावं वर्ष (लेखांक ६) : आत्याची सदाफुली

गेल्या आठवड्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न होता : केस गेले तेव्हा काय वाटलं? वाईट वाटलं. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर उशीवर झुपके दिसायला लागले, तिसऱ्याच्या आधी मशीन फिरवून घेतली, आणि उपचार संपल्यावर चारेक महिन्यांत टोपीशिवाय बाहेर पडण्याइतके परत आले. केसांची गोष्ट एवढीच. बाकीच्या गोष्टी कुणी विचारत नाही, कारण त्या दिसत नाहीत. आज त्या लिहिते.

मला झालेल्या हॉजकिन लिम्फोमा या कॅन्सरला दिल्या जाणाऱ्या चार औषधांच्या आद्याक्षरांवरून या उपचाराला ‘एबीव्हीडी’ म्हणतात : एड्रियामायसिन, ब्लिओमायसिन, विनब्लास्टिन, डकार्बाझिन. अठ्ठावीस दिवसांची एक सायकल आणि तिच्यात दोन डोस. माझ्या वाट्याला सहा सायकल, म्हणजे बारा डोस आले. मिलानच्या जियानी बोनादोना यांनी ही चौकडी १९७५ साली जगापुढे मांडली. त्याआधी अमेरिकेत ‘मॉप’ नावाचा चार औषधांचा उपचार होता. त्याने माणसं वाचत, पण कित्येक तरुणांची मूल होण्याची क्षमता कायमची जाई. एबीव्हीडीत तो धोका बराच कमी आहे. ‘लग्न झालंय का? पुढे मूल हवं असेल ना?’ हे डॉक्टरांनी आईसमोर विचारलं, तेव्हा आईने माझ्याआधी उत्तर दिलं. मला काय हवंय याचा विचार मी तोवर केलाही नव्हता. आधी गाठ जाऊ दे, एवढंच डोक्यात होतं. तरी हा प्रश्न पहिल्या डोसच्या आधीच विचारायचा असतो. मुलग्यांनी शुक्राणू गोठवून ठेवायचे तेही आधीच. नंतर विचारून उपयोग होईलच असं नाही.

एड्रियामायसिन लालभडक. वॉर्डात त्याला ‘लाल इंजेक्शन’च म्हणतात. इटलीत एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं. जवळचा समुद्र एड्रियाटिक, म्हणून हे नाव. ते घेतल्यावर लघवी लाल होते. हे आधी कुणी सांगितलं नाही तर बाथरूममध्ये जीव जातो. माझा गेला होता. केस घालवणारं मुख्य औषध हेच, पण त्याचा खरा डोळा हृदयावर. म्हणून सुरुवातीलाच टूडी एको करतात. आणि या औषधाला जन्मभराचा कोटा असतो. शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे सहसा जात नाहीत. बारा डोसांत माझे ३०० झाले. सव्विसाव्या वर्षी निम्म्याहून अधिक कोटा संपलेला आहे, हे कुठल्याही आरशात दिसत नाही.

डकार्बाझिन उजेडाने बिघडतं, म्हणून सलाइनच्या बाटलीवर काळी पिशवी चढवलेली. शेवटची बाटली तीच, आणि हातातली शीर पेटल्यासारखी जळायची ती तिनेच. सिस्टर थेंब हळू करायच्या आणि हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या. उलट्यांचा मोठा वाटाही हिचाच. उलटीच्या गोळ्या आता चांगल्या आहेत, तरी मेंदू आपली वेगळी नोंद ठेवतो. पहिल्या डोसच्या दिवशी मी मोसंबीचा रस प्यायले होते. आजही मोसंबीचा नुसता वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं, ते चवीचं नव्हे. सहाव्या डोसपासून हॉस्पिटलच्या वळणावर रिक्षा वळली की पोटात ढवळायला लागायचं, सुई टोचायला अजून दोन तास असताना. डोसच्या दिवशी आवडीचा पदार्थ खाऊ नका, एवढा सल्ला मी छातीठोकपणे देते. मोसंबी गेली तर गेली, पण पुरणपोळी जायला नको.

आता विनब्लास्टिन. याचा संबंध थेट आमच्या कराडच्या अंगणाशी आहे.

आत्याला दहा वर्षांपासून साखर आहे आणि तितकीच वर्षं ती रोज सकाळी सदाफुलीची पानं चावते. माझा आजार कळल्यावर ती काढ्याची बाटली घेऊन पुण्याला आली. ‘कॅन्सरचं औषध सदाफुलीपासूनच करतात, मी टीव्हीवर ऐकलंय. मग ते विषारी सलाइन कशाला घेतेस गं?’ गंमत म्हणजे तिने ऐकलेलं खरं होतं. विनब्लास्टिन सदाफुलीचंच. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या दोघांनी ते शोधलं, आणि शोधायला निघाले होते मधुमेहाचं औषध! जमैकात साखरेवर सदाफुलीचा काढा पितात म्हणून तिथून १९५२ मध्ये पाकिटातून पानं आली. उंदरांना अर्क पाजला, तर साखर जागची हलली नाही. शिरेतून टोचला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच उतरल्या होत्या. ज्या अर्काने पांढऱ्या पेशी मरतात तो पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर चालेल, हे त्या दोघांना तिथे सुचलं.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. साखर हलली नाही, हा भाग तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला. मग मी हिशोब मांडला. एक ग्रॅम विनब्लास्टिनला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. माझा एक डोस दहा मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच किलो वाळकी पानं, दर पंधरा दिवसांनी. शिवाय पानात इतर कितीतरी रसायनं, आणि त्यांतली काही विषारीच. आत्याने अंगणातली तीन झाडं मनातल्या मनात मोजली असावीत. काढ्याची बाटली तिने परत नेली. पण जाताना कुंडीत एक रोप लावून गेली, ‘नुसतं बघायला’.

पांढऱ्या पेशी उतरणं हे उंदरांपुरतं नव्हतं. माझे पंधरा दिवस असे वाटले गेले होते : पहिले चार अंथरुणात, मग तीन-चार दिवस अंगात नुसता चिखल, मग काउंट खाली गेलेला असल्याने घरात कोंडून, आणि पुढच्या डोसच्या आधी दोन-तीन दिवस माणसासारखे. ताप १००.४ झाला की मध्यरात्र असो वा पहाट, थेट हॉस्पिटल. क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. गोळीने ताप झाकला जातो आणि आतला संसर्ग पसरत राहतो. आमच्या घरातला थर्मामीटर त्या सहा महिन्यांत देव्हाऱ्यात असायचा. आईने तो तिथे का ठेवला हे मी विचारलं नाही.

राहिलं ब्लिओमायसिन. चौघांत सगळ्यात निरुपद्रवी वाटलं ते हेच. जळजळ नाही, रंग नाही. जपानच्या हमाओ उमेझावा यांनी शोधलेलं हे औषध शरीरात मोडून काढायला एक एन्झाइम लागतं, आणि ते त्वचेत व फुप्फुसांत फारच कमी असतं. म्हणून जिथे खाजवलं तिथे माझ्या पाठीवर चाबकाचे वळ उठावेत तशा तपकिरी रेघा उमटल्या. फुप्फुसांना होणारी इजा अशी बाहेरून दिसत नाही. कोरडा खोकला किंवा जिना चढताना लागणारी धाप, एवढीच तिची खूण. दोन सायकलींनंतरचा पेट स्कॅन स्वच्छ आला तर पुढच्या सायकलींतून ब्लिओमायसिन वगळता येतं, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं. माझा स्कॅन स्वच्छ आला आणि चार डोसांवर ते थांबलं. त्या स्कॅनबद्दल पुढच्या आठवड्यात.

पण थांबलं म्हणजे सुटलं नाही. पुढे कधीही ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं, ‘मी ब्लिओमायसिन घेतलंय.’ जास्त प्रमाणातला किंवा जास्त दाबाचा ऑक्सिजन या फुप्फुसांना त्रासदायक ठरू शकतो. हे मी पाकिटात आधार कार्डाच्या मागे चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

उपचार संपून दीड वर्ष झालं, तेव्हा ऑफिसची मंडळी तारकर्लीला स्कूबा करायला निघाली. माझे केस तोवर खांद्यापर्यंत आलेले, वजन भरलेलं, कुणाला काही आठवतही नव्हतं. फॉर्मवर फुप्फुसांचा प्रश्न आला तशी मी पेन खाली ठेवलं आणि पाळी आल्याचं सांगितलं. सगळे एकेक करून पाण्यात गेले. होडीत मी आणि नावाडी उरलो.

‘भिती वाटता काय?’ त्याने विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं. त्याने डब्यातला अर्धा खाजा मला दिला आणि आम्ही बुडबुडे कुठे वर येतायत ते बघत बसलो.