हाताने चालवलं की मेल जातो, रात्री का जात नाही?

या भागाच्या व्हिडिओत कमांड पडद्यावर दिसतात. इथे त्यामागचं गणित नीट समजून घेऊ.

द्वारका सर्कलला मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रोड एकत्र येतात. अशा जागी ट्रान्सपोर्टचं ऑफिस असो की स्पेअर पार्टचं दुकान, दिवस गाड्या आणि गिऱ्हाइकांत जातो. म्हणून बिलं आणि उधारीची स्टेटमेंट रात्री आपोआप मेल व्हावीत, अशी सोय करून घेणं सोपं पडतं. समजा, तुम्हीही केलीत. दुपारी हाताने चालवून बघितलं, मेल झटक्यात गेला. रात्री दोनला मात्र एकही गेला नाही आणि कोणाला कळलंही नाही. कळतं कधी? पेमेंटसाठी फोन केल्यावर. समोरची पार्टी म्हणते, "बिलच आलं नाही, पैसे कसले मागता?"

काम कोणाच्या नावाने चालतंय?

दुपारी ते काम तुमच्या नावाने चाललं. रात्री क्रॉन ते दुसऱ्याच युजरच्या नावाने चालवत असेल. उबुंटूवर वेबसर्व्हरचा युजर साधारणपणे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असतो. पीडीएफ तुमच्या मालकीची आणि वाचायची परवानगी फक्त तुम्हाला, तर त्याला ती उघडणार कशी? म्हणून टेस्ट करताना सुडो वापरून त्याच युजरच्या नावाने स्क्रिप्ट चालवा. रूट म्हणून चालवून बघण्यात अर्थ नाही, कारण रूटला सहसा कोणी अडवत नाही. उलट रूटने लॉग फाइल तयार केली, तर रात्रीच्या युजरला तीत लिहिता येत नाही आणि एकाचे दोन घोटाळे होतात.

आधी लॉग वाचा

'परमिशन डिनाइड' दिसलं तर अडचण फाइलची आहे. ५३५ हा कोड दिसला तर मेल सर्व्हरने लॉगिन नाकारलंय, तिथे परवानग्या बदलून काही होणार नाही. आणि लॉगच नसेल तर? उबुंटूवर मेल पाठवणारी यंत्रणा बसवलेली नसली की क्रॉन स्क्रिप्टचं आउटपुट सरळ फेकून देतो. म्हणून क्रॉनच्या ओळीतच आउटपुट आणि एरर दोन्ही एका फाइलमध्ये वळवा.

शटरपासून कपाटापर्यंत

कपाटाची किल्ली दिली, पण गोदामाचं शटर बंद असेल तर माणूस आत जाणार कसा? फाइलचंही तसंच आहे. फाइल वाचायची परवानगी असून भागत नाही, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जायची परवानगी लागते. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० परवानगीने तयार होतं, म्हणजे बाहेरच्या युजरला आत पाऊलच टाकता येत नाही. बिलं तिथे ठेवली असतील तर दोष बहुतेक इथेच सापडेल.

तोच मेल रोज जातोय?

पाठवून झालेलं बिल 'पाठवले' फोल्डरमध्ये हलवायचं असेल, तर दोन्ही फोल्डरमध्ये लिहायची परवानगी लागते. फक्त फाइल वाचता येत असेल तर मेल जातो, पण फाइल जागची हलत नाही. मग दुसऱ्या रात्री तेच बिल पुन्हा जातं. गिऱ्हाईक एकदा हसेल, तिसऱ्यांदा वैतागेल.

७७७ करू नका

४ म्हणजे वाचणं, २ म्हणजे लिहिणं, १ म्हणजे चालवणं किंवा फोल्डरमध्ये शिरणं. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. ७७७ म्हणजे शटर उघडं टाकून घरी जाणं. त्या सर्व्हरवरचा कोणताही युजर गिऱ्हाइकांची बिलं वाचू शकतो, इतकंच काय, स्क्रिप्टही बदलू शकतो.

योग्य रस्ता असा:

१. बिलांसाठी एक ग्रुप करा. बिल बनवणारा आणि मेल पाठवणारा, दोन्ही युजर त्यात घाला.
२. बिलांचं फोल्डर होममधून बाहेर काढा, त्या ग्रुपच्या नावावर करा आणि २७७० परवानगी द्या. पुढच्या २ मुळे आत तयार होणारी नवी फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते.
३. मेलचा पासवर्ड असलेली फाइल ६०० ठेवा. तिचा मालक मात्र रात्री काम करणारा युजरच हवा.
४. ग्रुप बदलल्यावर सर्व्हिस पुन्हा सुरू करा, नाहीतर बदल लागू होत नाही.

विंडोजवाल्यांनो

टास्क शेड्युलरमध्ये 'लॉगिन असो वा नसो, चालव' हा पर्याय निवडला, की तुमचा झेड ड्राइव्ह त्या टास्कला बहुधा दिसत नाही. नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या आणि टास्क ज्या खात्याने चालतो, त्यालाच त्या फोल्डरची परवानगी द्या.

शेवटी एक सवय लावा. रात्रीचं काम संपलं, की 'किती बिलं होती, किती गेली' असा एक मेल स्वतःलाच येऊ द्या. सकाळी तो आलाच नाही, तर समजायचं की काम अडलंय. पार्टीचा फोन यायच्या आधी तुम्ही लॉग उघडलेला असेल.