दोन पानांतला देव आणि त्याची किंमत

१० फेब्रुवारी १९७० अशी तारीख घातलेली दोन हस्तलिखित पानं आहेत. त्यांवर तर्कशास्त्राची चिन्हं दाटीने बसलेली, शब्द थोडेच. लिहिणारा कुर्ट गोडेल. गणितात खरी असूनही सिद्ध न होणारी विधानं असतातच, हे १९३१ मध्ये, वयाच्या पंचविशीत दाखवून देणारा. या दोन पानांत त्याने सिद्ध करायला घेतलं होतं की देव आहे, आणि तो नसणं शक्यच नाही.

कल्पना जुनी. ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही ते नुसतं मनात असून भागणार नाही, ते प्रत्यक्षातही असलंच पाहिजे, असा युक्तिवाद अकराव्या शतकात अन्सेल्म या ख्रिस्ती साधूने केला होता. तत्त्वज्ञ लायब्निट्झने त्यातली फट दाखवली. असं परिपूर्ण काही मुळात शक्य आहे हे आधी दाखवा, तो म्हणाला. ‘सर्वांत मोठी संख्या’ असं आपण सहज बोलून जातो, पण अशी संख्या असूच शकत नाही. देवाची कल्पनाही तशीच नसेल कशावरून?

गोडेल ही फट बुजवतो. काही गुण ‘विधायक’ असतात, हे त्याचं गृहीतक. कोणताही गुण घ्या, एक तर तो विधायक, नाही तर त्याचा अभाव विधायक. विधायक गुणातून जे अटळपणे निघतं तेही विधायक. सगळे विधायक गुण ज्याच्यात आहेत तो देव. देवत्व हा स्वतः विधायक गुण, आणि अनिवार्यपणे असणं हाही. एवढ्यावरून आधी निघतं की देव शक्य आहे. पण जे अनिवार्यपणेच असू शकतं, ते एका जरी शक्य जगात, म्हणजे गोष्टी जशा असू शकतात अशा एखाद्या जगात, असलं तरी सगळ्याच जगांत असतं, म्हणून आपल्याही. ‘शक्य’वरून थेट ‘अटळ’वर घेतलेली ही उडी पहिल्यांदा उमगते तेव्हा अंगावर काटा येतो. देव मानणारा असो वा न मानणारा, इथे प्रत्येकाला थांबून गृहीतकं पुन्हा वाचावी लागतात.

गोडेलने हे छापलं नाही. त्याचा मित्र, अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न याच्या डायरीत कारण नोंदलेलं आहे. हा तर्काचा अभ्यास आहे हे बाजूला राहील आणि लोकांना वाटेल गोडेल खरोखर देव मानतो, ही त्याची धास्ती. २०१३ मध्ये बर्लिन आणि व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी हा युक्तिवाद संगणकाकडून तपासून घेतला. तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉटने किंचित दुरुस्त केलेल्या रूपात तो बिनचूक ठरला. गोडेलच्या मूळ पानांत मात्र आत्मविसंगती दडलेली होती, आणि तीही संगणकालाच सापडली.

खरा धक्का त्याआधीच, १९८७ मध्ये, जॉर्डन हॉवर्ड सोबेल या तत्त्वज्ञाने दिला होता. समजा आज पुण्यात पाऊस पडला. मग ‘ज्याच्या असण्यासोबत आज पुण्यात पाऊस पडतो’ हाही देवाचा एक गुण झाला. गोडेलच्या व्याख्येनुसार देवाचा प्रत्येक गुण त्याच्या सारतत्त्वातून अटळपणे निघतो, आणि देव तर सगळ्या शक्य जगांत आहे. म्हणजे पाऊसही सगळ्या जगांत पडलाच पाहिजे. जे जे खरं आहे ते ते अनिवार्य. ठेकेदाराने सिमेंट कमी घातलं आणि पूल कोसळला, हेही अनिवार्य. मग ‘तू असं करायला नको होतंस’ या वाक्याला अर्थ कुठे उरला? नीतीचा उच्चारही न करणाऱ्या दोन पानांनी नीतीचा पायाच काढून घेतला. हा निष्कर्ष मला मान्य नाही. पण तो लपून बसला होता आणि काटेकोर तर्कानेच बाहेर आला, याचं नवल वाटतं.

दुरुस्ती झाली. १९९० मध्ये तत्त्वज्ञ सी. अँथनी अँडरसनने काही गुण असे राहू दिले की ते विधायक नाहीत आणि त्यांचा अभावही विधायक नाही, देवत्वाची व्याख्याही बदलली. पाऊस पुन्हा पडूही शकतो, न पडूही शकतो, आणि तरी देवाचं अस्तित्व सिद्ध होतं.

गोडेलचा दुसरा युक्तिवाद मात्र इतका सहज दुरुस्त होत नाही. १९४९ मध्ये, आइन्स्टाइनच्या सत्तरीच्या निमित्ताने, त्याने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून एक फिरतं विश्व काढून दाखवलं. प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ७१ टक्के वेगाने, पुरेसा लांबचा वळसा घेत गेलं तर तिथे आपल्याच भूतकाळात पोहोचता येतं. आपलं विश्व तसं फिरत नाही, पण गोडेलला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. जिथे ‘होऊन गेलेलं’ पुन्हा गाठता येतं तिथे काळ वाहतो असं म्हणता येणार नाही. आणि काळाचं वाहणं केवळ द्रव्याच्या मांडणीवर अवलंबून असेल, तर आपल्याकडेही ते खरं कसं मानायचं?

तिथे कुणी आपल्या तरुणपणाला गाठून त्याला एका वाईट कृत्यापासून रोखू पाहील, आणि आठवण मात्र सांगत असेल की ते कृत्य घडलं होतं. गोडेलने ही अडचण ओळखली आणि उत्तर दिलं इंधनाच्या हिशेबाने: इतका प्रवास व्यवहारात होणार नाही. मला हे उत्तर अपुरं वाटतं, कारण प्रश्न टाकीचा नाहीच. १९७६ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड लुईसने जास्त मर्मावर बोट ठेवलं. रोखायला लागणारी ताकद, संधी, इच्छा सगळं त्या माणसाकडे आहे, म्हणून तो रोखू शकतो. पण कृत्य घडलंच आहे हे धरलं, तर तो रोखू शकत नाही. दोन्ही विधानं खरी आहेत, कारण प्रत्येकात वेगवेगळ्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत. ठेकेदाराला जाब विचारताना यांतलं कोणतं ‘शकतो’ धरायचं, यावर तत्त्वज्ञांचा वाद अजून चालू आहे.