घाम गाळणाऱ्या पेशींची राखण

अमरावतीच्या मातीतच व्यायाम मुरलेला आहे. वैद्य बंधूंनी 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ तिथे दाखवले. अशा गावात बायकांना व्यायाम शिकवताना मला हमखास विचारलं जातं, "ताई, पाळी गेल्यापासून अंग पहिल्यासारखं सावरत नाही. असं कसं?"

याचं एक संभाव्य उत्तर पेशींत शोधता येतं. धावताना स्नायू तापतात, पेशींतली प्रथिनं विस्कटतात. तेव्हा पेशी 'हीट शॉक प्रोटीन' तयार करते. ही मदतनीस प्रथिनं विस्कटलेल्यांची घडी पुन्हा बसवतात. फेरुच्चो रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने 1962 मध्ये फळमाशीत या प्रतिक्रियेची पहिली नोंद केली.

2002 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी उंदीर पळवून पाहिले. नरांच्या हृदयात एचएसपी 70 हे एक हीट शॉक प्रोटीन खूप वाढलं, माद्यांत कमी. अंडाशय काढलेल्या माद्यांत मात्र ते वाढलं आणि इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं संप्रेरक दिल्यावर पुन्हा उतरलं. इस्ट्रोजेन पेशीच्या आवरणाला आधार देतं, त्यामुळे धोक्याची घंटाच कमी वाजते, असा त्यामागचा एक विचार आहे.

हा प्रयोग उंदरांवरचा; पण पाळी थांबल्यावर बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं, हे पक्कं. म्हणजे पेशींचा तो आधारही कमी होत असावा. म्हणून बायांनो, व्यायाम सोडू नका, पद्धत बदला. वजनं उचला, ताण हळूहळू वाढवा, विश्रांती घ्या. आणि अकोल्या-अमरावतीच्या मे महिन्यात ऊन चढायच्या आत घरी परता.